अर्धा जबडा

सोमवार, ५ जून

ही वही गावप्रमुखाने दिली. वरून हुकूम आलाय, मेलेल्या डुकरांची नोंद ठेवा. गावात बरं अक्षर माझं एकट्याचं, म्हणून हे काम मास्तरच्या गळ्यात पडलं. रकाने आखून आलेत: घर, किती, कारण. कारणाच्या रकान्यात रोज एकच शब्द लिहायचा, ताप. आजपर्यंत बावीस घरं आणि एकशे चार डुकरं झाली. वही भरायच्या आतच गावातली डुकरं संपतील हे दिसतंय, म्हणून उरलेल्या पानांवर मागच्या बाजूने मी माझं लिहायला घेतलं आहे. वही पुढून डुकरांची, मागून माझी.

आमची पाचही शनिवारी गेली. शेवटी म्हातारी डुकरीण गेली. खड्डा खणून, चुना टाकून पुरली. माझ्या बायकोने, येनीच्या आईने, आज सकाळी सवयीने रताळ्याच्या वेलाचं पातेलं चुलीवर चढवलं. उकळी आल्यावर तिच्या लक्षात आलं. मग आम्ही दोघं त्या पातेल्याकडे बघत बसलो. ओतून द्यायचा धीर कुणालाच झाला नाही.

बाबा ईस्टरपासून अंथरुणावर आहेत. पेज घेतात, तीही दोन घोट. डुकरं मेली हे त्यांना सांगितलेलं नाही, पण गोठ्यातून आवाज येत नाही हे त्यांना कळत नसेल असं थोडंच आहे.

मला खरी भीती एकाच गोष्टीची आहे. आईबापाची वेळ जवळ आली की मुलांनी डुक्कर कापायचं, शिजवायचं, आपल्या हाताने भरवायचं, आणि मग त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, ही आमची रीत. हे जेवण झाल्याशिवाय बाप गेला तर मुलं जन्मभर तशीच राहतात, दार न लावलेल्या घरासारखी. आजोबांना मी माझ्या डोळ्यांनी जेवताना पाहिलंय. आणि आता अख्ख्या गावात कापण्याजोगं एक डुक्कर नाही.

गुरुवार, ८ जून

आज खालच्या आळीत लग्न लागलं, कोंबड्यांवर. आमच्या बेटावर माझ्या माहितीत तरी असं लग्न झालेलं नाही. वाटप करणारा म्हातारा डोळे मिटून बसला होता. डुकराचा कुठला तुकडा कुणाचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाढ्यांसारखं पाठ असतं. डोकं कुणाचं, काळीज कुणाचं, बरगडी कुणाची. आणि खालचा जबडा, जो सगळ्यांत मानाचा, तो नवरीच्या मामाचा. आता कोंबडीचं काय वाटणार? नवरीचा मामा ताट पुढे ओढून म्हणाला, "अरे, जबडा शोधतोय मी. चोचीलाच जबडा समजू का?" सगळे हसले. तोही हसला, पण जेवला नाही.

बाबांना हे सांगितलं. वाटलं, त्यांना गंमत वाटेल. ते छताकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "शाळेचं छप्पर गळतं का अजून?"

"नाही बाबा. दोन वर्षं झाली बदलून."

"बरं. पोरं किती?"

"एकतीस."

"बरं," म्हणाले आणि झोपले. हल्ली हे रोजचंच झालंय. कशाचा कशाला पत्ता नाही, विषय कुठलाही निघो, ते शाळेवर येतात. वय झालं.

संध्याकाळच्या बोटीने निबे आली, माझी धाकटी बहीण. ती लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. बंदरावर तिच्या चपला औषधाच्या पाण्यात बुडवून घेतल्या म्हणे. बाबांचे पाय चेपता चेपता तिने मला हळूच विचारलं, "दादा, मामाकडे आहेत ना अजून?"

मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

रविवार, ११ जून

मामाकडे आहेत. नदीपलीकडे वरच्या वाडीत तो एकटाच शहाणा निघाला. तापाची पहिली बातमी आली त्याच दिवशी त्याने वाटेवर काटेरी बांबू आडवे टाकले. ना कुणाला वर येऊ देतो, ना स्वतः खाली उतरतो. त्याच्याकडे एक नर, दोन माद्या, आणि त्यातली एक गाभण.

पण मामा आमच्याशी बोलत नाही. निबेच्या लग्नापासून. आईच्या अंत्ययात्रेलाही नदीच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला होता, भर उन्हात, डोक्यावरची टोपी काढून. आला नाही.

झालं ते इतकंच. लग्नात त्याच्यापुढे ताट आलं तेव्हा त्यात अर्धा जबडा होता. जबडा अख्खा द्यायचा असतो, हनुवटीत जोडलेला. कधी सुरी चुकते, जबडा दुभंगतो. त्यालाही रीत आहे. दोन्ही अर्ध्या बाजू ताटात जोडून ठेवायच्या, सोबत एक जिवंत डुक्कर आणायचं, कापणाऱ्याने पुढे येऊन वाकायचं, की झालं. पण ताटात एकच बाजू होती. मामा उठला. त्याच्यामागे त्याची पन्नास माणसं उठली. मामाने विचारलं, "कुणी कापला?" बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मी. तुला तेवढा पुरे, असं मला वाटलं."

असं बोलायची काय गरज होती? चूक झाली म्हणायचं होतं. बाबांचा हट्टी स्वभाव, तोंडातून गेलं ते गेलं. तेव्हापासून वरच्या वाडीत आमच्या घराला नावच पडलं, अर्धा जबडा. बाबांना आयुष्यभर सगळे फाओगोचा, म्हणजे माझा, बाप म्हणत आले. आमच्यात पहिलं मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. त्या दिवसापासून मात्र नदीपलीकडे ते अर्ध्या जबड्याचा बाप झाले.

त्या दिवशी सुरी माझ्या हातात होती. पहिल्यांदाच. हात घसरला. गर्दी होती, दुसरी बाजू कुठेतरी गेली.

निबेने आज तेच विचारलं, "दुसरी बाजू गेली कुठे रे?" मी म्हटलं, कुत्र्याने नेली असेल.

मंगळवार, १३ जून

बाबांनी काल पेजही घेतली नाही. आज मी नदीवर गेलो.

मामा पलीकडच्या खडकावर बसून दोर वळत होता. म्हातारा झालाय, पण आवाज तसाच. मी अलीकडून ओरडून नमस्कार घातला, "याहोवू, मामा."

"कोण, मास्तर का? तिथंच थांब. पाण्यात पाय घालू नकोस, तुझ्या पायाला मरण लागलंय."

"मामा, बाबा जायला आलेत."

त्याचा दोर थांबला. खाली बायका धुणं धूत होत्या. त्यांचेही हात थांबले.

"जेवला?" त्याने विचारलं.

"कशावर जेवणार? आमच्याकडे एकही उरलं नाही. तुमच्याकडे मागायला आलोय."

त्याने दोराला एक पीळ दिला. मग म्हणाला, "माझ्याकडे आहे. द्यायला मला जड नाही, तो माझ्या बहिणीचा नवरा आहे. पण ज्याने जबडा कापला, त्याने येऊन मागावं."

"बाबांना बसताही येत नाही, मामा."

"मी काय म्हणालो ते तू ऐकलंस. ज्याने कापला, त्याने."

मी चिडून परत आलो. माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि हा म्हणतो, येऊन माग. एकोणीस वर्षं राग धरून माणूस दगड होतो, दुसरं काय. येनीच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबांना नाही म्हणत असतील ते." मी विचारलं, मग कुणाला? ती चुलीत फुंकत राहिली.

बुधवार, १४ जून

आज सकाळी बाबांना विचारलंच. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की मामा असं असं म्हणतो, तुमच्या तोंडून एकदा ऐकायचंय त्याला. म्हटलं, निरोप द्या, चूक झाली म्हणा. आता काय अडतंय?

बाबांनी डोळे उघडले. स्वच्छ डोळे होते. "सांग त्याला, मीच कापला."

"आणि चूक झाली म्हणू?"

"नाही. चूक झाली म्हटलं की तो दुसरी बाजू मागेल."

ते पुढे म्हणाले, "एकतीस ना रे पोरं?"

निरोप घेऊन नदीवर गेलो. ओरडून सांगितलं, "मामा, बाबा म्हणतात, मीच कापला."

मामा हसला, पण ते हसणं काही हसणं नव्हतं. "अजून तेच. अरे मास्तर, तू पोरांना अक्षरं शिकवतोस. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं अक्षर कुठे झुकतं, ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणजे?"

"तुझा बाप डावखुरा. त्याच्या सुरीची मूठसुद्धा डाव्या हाताची कोरलेली, मीच कोरून दिली होती त्याला. माझ्या ताटातला तो घाव उजव्या हाताचा होता. ताटाकडे बघितलं त्याच क्षणी कळलं मला. मी जबड्यासाठी बोलणं तोडलं नाही रे. माझ्या बहिणीचा नवरा सगळ्या मांडवासमोर माझ्या तोंडावर खोटं बोलला, म्हणून तोडलं."

धुणं धुणाऱ्या बायका आता उघड उघड ऐकत होत्या. मी पाठ फिरवून घरी आलो. वाटेत एकदाही मागे बघितलं नाही.

गुरुवार, १५ जून

शाळेत गेलो नाही. पुढच्या बाजूला दोन घरांची नोंद केली. आता इथे खरं लिहितो, निदान वहीला तरी.

हात घसरला नव्हता. त्या दिवशी लग्नाला शाळा तपासनीस आले होते, शहरातून. माझा अर्ज दोन वर्षं त्यांच्या टेबलावर पडून होता. त्यांच्या वाट्याला बरगडी होती. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला बरगडी कशी द्यायची? जबडा दिला तर ते लक्षात ठेवतील. आणि अख्खा जबडा मामाचा. म्हणून मी हनुवटीवर सुरी ठेवली आणि एकच घाव घातला. एक बाजू केळीच्या पानात बांधून त्यांच्या मोटारीत ठेवली. दुसरी ताटात. मला खरंच वाटलं होतं की मामाला काय, घरचाच माणूस, चालवून घेईल. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. एवढं साधं मला कळलं नाही, की घरच्या माणसालाच अर्धं चालत नाही.

दीड महिन्याने नेमणुकीचा कागद आला.

बाबांनी मला मोटारीकडून येताना पाहिलं होतं. मांडवात मामाने विचारलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघत होतो. मग ते उभे राहिले. दुसरी बाजू आणून जोडता येणार नव्हती, म्हणून चूक झाली असंही म्हणता येईना. तेवढा पुरे वाटला, असंच म्हणावं लागलं.

म्हणजे बाबा शाळेबद्दल विचारतात ते वय झालं म्हणून नाही.

मला लाज वाटते. ती आज नवी नाही, पण आज पहिल्यांदा कागदावर आली.

शुक्रवार, १६ जून

सकाळी गेलो. बायका होत्याच, आज जरा जास्तच होत्या. दोघींची पोरं माझ्या वर्गात आहेत. मी मामाला हाक मारली. तो आला, खडकावर बसला, दोर मांडीवर घेतला.

"मामा," मी ओरडलो, "ज्याने कापला तो मागायला आलाय."

"ऐकू येत नाही. पाणी फार वाजतं."

ऐकू येत होतं त्याला. तरी मी पुन्हा ओरडलो, यापेक्षा मोठ्याने, आणि सगळंच ओरडलो. तपासनीस, मोटार, केळीचं पान, नेमणूक. ओरडून सांगताना माणसाला शब्द निवडता येत नाहीत. घसा बसला तेव्हा थांबलो.

बायकांमध्ये कुणीतरी म्हणालं, "बाई गं, आमच्या मास्तरनं?" दुसरी म्हणाली, "गप. ऐकू दे."

मामा उठला. "मला बहिणीच्या मातीला यायचं होतं रे," तो म्हणाला. "रोज वाट बघायचो, आज येईल, उद्या येईल. वाकला असतास तर तेवढ्यावर सोडून दिलं असतं मी. तुझं पोरवय होतं. इतकी वर्षं का लावलीस?"

मी होतो तिथेच वाकलो.

"रविवारी," म्हणाला, "चर्च सुटल्यावर. नर आणतो. मीठ तुमचं."

रविवार, १८ जून

मामा नराला दोर लावून स्वतः नदी उतरून आला. काठावरच त्याने सांगितलं की आता वीस दिवस तो परत वर जाणार नाही, त्याच्या पायाला खालची माती लागली. वरच्या दोन माद्या मामी बघेल. तो एवढं सहज म्हणाला, की त्याने काय पणाला लावलंय हे मला घरी पोचल्यावर कळलं.

अंगणातल्या मोठ्या दगडाखाली डुक्कर पाडलं. हा दगड माझ्या खापरपणजोबाने उभा केला, तेव्हा शेकडो डुकरं कापली होती म्हणतात. पुढे पाद्री आले, घरातले लाकडी देव गेले, डुकरं राहिली. लग्नाला, मातीला, नाताळाला, भांडण मिटवायला, डुक्कर होतंच. आज गाव गोळा झालं. भाजलेल्या केसांचा वास महिनाभरानंतर आला होता, आणि माणसं नुसती उभी राहून तो घेत होती.

सुरी मामाने माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुम्ही कापा. तो म्हणाला, "का? हात आहे ना तुला?"

जबडा सोडवायला मला पाऊण तास लागला. कानाखालून सांधा मोकळा केला, हनुवटीला पातं लावलंच नाही. जीभसुद्धा शाबूत निघाली. लाकडी ताटात ठेवला तेव्हा मामाने वाकून हनुवटीवरून बोट फिरवलं.

मग बाबांना उशांवर टेकवून बसवलं. मांस मी अगदी बारीक केलं होतं, रस्सा आणि मीठ घालून मऊ केलं. पहिला घास मी दिला, दुसरा निबेने. बाबांनी तो बराच वेळ तोंडात ठेवला. त्यांच्या घशाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. गिळला. निबे रडायला लागली.

"जबडा अख्खा आहे ना?" बाबांनी विचारलं.

"अख्खा आहे," मामा म्हणाला. तो समोर मांडी घालून बसला होता, एकोणीस वर्षांनी. "फाओगोच्या बापा, तुझ्या पोराने सांगितलं मला सगळं. नदीवर, चार लोकांत."

मला वाटलं होतं, बाबांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा पडला. इतका पडला की मला वाटलं, आपण काहीतरी मोडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या गर्दीकडे. तिथे माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप उभे होते.

मग आशीर्वादाला सुरुवात झाली. निबेच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, डावा. येनीच्या आईच्या डोक्यावर डावा. येनीच्या डोक्यावरही. शेवटी मी वाकलो. हात येईना. मी वर बघितलं तर बाबा उजवा हात उचलत होते. त्या हाताने त्यांनी उभ्या जन्मात भाकरीचा तुकडा मोडला नव्हता. त्यांनी तो हात माझ्यावरून फिरवून दारातल्या लोकांना दाखवला, आणि इतक्या दिवसांत निघाला नव्हता असा मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"हा हात. ह्याच हाताने कापला मी. पोरगं शिकलेलं आहे, मनाला येईल ते बोलतं. ऐकू नका त्याचं."

आणि तो उजवा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "तुझ्या दारी पाहुणा उपाशी राहू नये," म्हणाले. "तुझ्या शाळेत पोरं राहोत."

मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"अजून खोटं बोलतोय मेला," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला, कौतुकाने म्हणावं तसं. मग त्याने ताट पुढे ओढलं आणि जबडा खायला सुरुवात केली.

बुधवार, २१ जून

पहाटे बाबा गेले. मामा उशाशी होता.

मातीला त्याने खांदा दिला. कापायला डुक्कर नव्हतं. गावप्रमुख मातीच्या रितीबद्दल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, तर मामा म्हणाला, "रविवारी झालंय त्याचं. पोटभर."

शुक्रवार, ३० जून

आज शाळेत गेलो. एकतीसच्या एकतीस पोरं हजर. मधल्या सुट्टीत एका पोराची आई रताळी घेऊन आली आणि म्हणाली, "मास्तर, म्हातारबाबांनी सांगितलं ना की त्यांनीच कापला म्हणून. आम्ही सगळ्यांना तसंच सांगतो." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. बाबांनी गावाला साक्षी ठेवून सांगितलं, ते आता गावाचं झालं.

मामा अजून आमच्याकडेच आहे. रोज सकाळी नदीवर जाऊन पलीकडे मामीला हाक मारतो, "आहेत का?" ती ओरडते, "आहेत." गाभण मादीचे दिवस भरत आलेत. तो परत येऊन बाबांच्या जागी टेकून बसतो. काल बाबांची सुरी त्याने खांबावरून काढली, मूठ तळहातावर घासली आणि परत टांगून ठेवली.

आज वही द्यायची आहे, गावप्रमुख मागतोय. मागची पानं फाडून घेणार आहे. त्याआधी पुढच्या बाजूला शेवटची ओळ लिहिली. घर: वरची वाडी. किती: एक. कारणाच्या रकान्यात ताप लिहायला हात गेला होता, थांबवला. लिहिलं: बाबांचं जेवण. मग त्यापुढे, जिथे रकाना नव्हता तिथे, पट्टी धरून एक रेघ ओढली आणि वर लिहिलं: कापणारा. खाली माझं नाव लिहिलं, अख्खं, उजव्या हाताने.